कासवांचे फोटो काढायला कोकणात निघालात?

मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीतलं आंजर्ले अशा गावांत कासव महोत्सवाचे दिवस जवळ आले की कॅमेरेवाल्यांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. फ्लॅश मारला तर चालतो का? पिल्लू हातावर घेऊ देतात का? परवानगी कुणाची लागते? मोबाइलवर जमेल की मोठी लेन्स हवीच? रात्री किनाऱ्यावर मादी दिसली तर काय करायचं? प्रश्न निरनिराळे असले तरी त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. फोटोत कासव मोठं दिसणं आणि आपण कासवाजवळ असणं या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. पहिलं काम लेन्सचं, कोनाचं आणि थांबून राहण्याच्या तयारीचं आहे. दुसऱ्यानं फोटो क्वचितच सुधारतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा कासवाला मोजावी लागते. हे दोन्ही वेगळे करून पाहिले की वरच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

आधी कासवाचं वेळापत्रक

कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती प्रामुख्यानं ऑलिव्ह रिडले कासवं. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री पुळणीवर येते, भरतीरेषेच्या वर दीडएक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून तासाभरात समुद्रात परतते. कुत्री, कोल्हे आणि अंडीचोर यांच्यापासून वाचवण्यासाठी कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावातले कार्यकर्ते, ही अंडी उचलून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात पुन्हा पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, त्यांच्याखाली जमलेली पिल्लं सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली जातात आणि पुढचं अंतर ती स्वतः चालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं वेळासमध्ये बसवलेली ही पद्धत आता वनखातं आणि गावकरी मिळून किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत राबवतात.

यातून नियोजनाच्या दृष्टीनं दोन गोष्टी निघतात. पहिली, पर्यटकाला दिसतात ती मुख्यतः पिल्लं. मादी दिसणं हा योगायोग असतो. दुसरी, घरटं आपल्या शनिवार-रविवारची वाट पाहत नाही. वाळूच्या तापमानानुसार दिवस पुढेमागे होतात आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही. म्हणून ‘कासव दिसणारच, फोटो मिळणारच’ अशी हमी देणाऱ्या सहलवाल्यापासून चार हात लांब राहा. ही हमी पाळायची तर पिल्लं उजेडासाठी आणि गिऱ्हाइकांसाठी अडवून ठेवावी लागतील. गावातल्या घरगुती मुक्कामाच्या यजमानांना थेट फोन करून कुठलं घरटं कधी फुटण्याची शक्यता आहे ते विचारा, आणि एका रात्रीऐवजी दोन रात्री राहा. फोटो मिळण्याची शक्यता नव्या लेन्सनं वाढणार नाही इतकी या दुसऱ्या रात्रीनं वाढते.

किती जवळ म्हणजे फार जवळ?

सगळ्या कासवांना लागू पडेल असं फुटांतलं एकच माप नाही. हवाईत पोहणाऱ्यांनी समुद्री कासवापासून किमान १० फूट लांब राहावं अशी तिथल्या सरकारी यंत्रणेची शिफारस आहे. आपल्याकडे पिल्लं सोडताना जिथे दोरी बांधलेली असेल ती तुमची हद्द. पण दोरी नसेल तेव्हाही वापरता येईल अशी एक कसोटी आहे: तुमच्या येण्यानं प्राण्याचं चालू काम बदललं, की तुम्ही फार जवळ आला आहात. चालणारं कासव थांबलं, मान आत घेतली, दिशा बदलली, ऊन खात बसलेलं पाण्यात सटकलं, पोहणाऱ्यानं वेग वाढवला, तर तो फोटो कासवाचा राहत नाही, तुम्हाला घाबरलेल्या कासवाचा होतो. जाणत्या माणसाला फोटोतही ते कळतं.

‘एका माणसानं काय होतंय?’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. एकट्यादुकट्यानं फार काही होत नसेलही. पण महोत्सवात तुम्ही एकटे नसता. कोस्टा रिकातल्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले हजारोंनी एकाच वेळी अंडी घालायला येतात. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे फोटोंसाठी इतके पर्यटक पाण्याच्या तोंडाशी उभे राहिले, काहींनी तर मुलांना कासवांच्या पाठीवर बसवलं, की कितीतरी माद्या अंडी न घालताच परत फिरल्या. त्या पर्यटकांतल्या प्रत्येकाला आपण एकटेच जरा पुढे गेलो असंच वाटलं असणार. शिक्षणानं किंवा महागड्या कॅमेऱ्यानं हे टळत नाही. दोरीनं आणि ती पाळण्यानं टळतं.

पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा

पिल्लाची पाठ जेमतेम चार सेंटीमीटरची. त्याच्यासाठी तुमच्या टाचेचा ठसा हा खड्डाच असतो. त्यात पडून उलटं झालं की हातपाय मारण्यात त्याची ताकद जाते, आणि ही ताकद त्याला किनाऱ्यापासून लांब पोहत जाण्यासाठी राखून ठेवायची असते. त्यामुळे दोरीच्या आतल्या वाळूत पाय टाकायचाच नाही. उभं राहायचं ते बाजूला. पिल्लं आणि समुद्र यांच्या मध्ये, ‘समोरून चेहरा मिळावा’ म्हणून, कधीही नाही. दोरीच्या पाण्याकडच्या टोकाला आधीच जाऊन बसलात तर पिल्लं चालत तुमच्या बाजूनंच जाणार असतात, पाठलाग करण्याची गरजच उरत नाही.

आणि बसायचं म्हणजे खरोखर खाली. माणसाच्या उंचीवरून काढलेला पिल्लाचा फोटो वाळूवरच्या काळ्या ठिपक्यासारखा येतो; पोटावर झोपून, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला की तेच पिल्लू लाटेसमोर उभं ठाकलेलं दिसतं. जवळ असल्याचा जो परिणाम सगळ्यांना हवा असतो तो निम्म्याहून जास्त या कोनातून येतो. तांदूळ भरलेली कापडी पिशवी वाळूवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा.

उजेडाच्या बाबतीत आपला किनारा सोयीचा आहे. समुद्र पश्चिमेला असल्यानं सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, डोंगराच्या आणि सुरूच्या बनाच्या आड असतो. सातच्या सुमाराला सावलीतला मऊ प्रकाश मिळतो आणि पाठीवरचे खवले नीट उमटतात. संध्याकाळी मात्र पिल्लं मावळत्या सूर्याकडे चालतात, म्हणजे प्रकाश समोरून येतो. तेव्हा तपशिलाच्या मागे न लागता ओल्या वाळूतलं प्रतिबिंब आणि पिल्लाची काळी बाह्याकृती घ्या. ओडिशातल्या ऋषिकुल्याला गेलात तर हा हिशेब उलटा होईल, तिथे समुद्र पूर्वेला.

कॅमेऱ्याची मांडणी साधी आहे:

- लेन्स: ७०–३०० किंवा १००–४०० मिमी. ८ फुटांवरून ४०० मिमीत पिल्लू फ्रेमचा तिसरा हिस्सा तरी व्यापतं. विकत किंवा भाड्यानं घेण्याआधी लेन्स किमान किती अंतरावर फोकस करते ते पाहा. काही मोठ्या झूम लेन्स दोन-अडीच मीटरच्या आत फोकसच करत नाहीत.
- शटर: १/५०० पेक्षा हळू नको, पिल्लाचे हात भराभर चालतात. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत नेला तरी बिघडत नाही. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.
- मोबाइल: फोनची २ किंवा ३ पट जवळ नेणारी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, बोटांनी ताणून मोठं करू नका, नंतर कापा. सलग फोटोंचा पर्याय सुरू ठेवा. व्हिडिओ मोबाइलवर बहुधा फोटोपेक्षा चांगला येतो.
- ड्रोन: वनखात्याच्या परवानगीशिवाय नेऊच नका.

शेवटचं पिल्लू लाटेत गेलं की गर्दी पाण्याकडे धावते. हाच सगळ्यात धोक्याचा क्षण आहे, कारण लाट काही पिल्लांना परत वाळूवर आणून टाकते आणि फेसात ती दिसत नाहीत. कासवमित्र ‘आता चला’ म्हणेपर्यंत आहात तिथेच थांबा.

फ्लॅशचं काय?

नाही. पिल्लाच्या डोळ्यांवर तो कायमचा घाला घालतो, असं घाबरवण्याची गरज नाही. कारण त्याहून साधं आहे. अंधारात पिल्लं समुद्र ओळखतात ती क्षितिजाकडच्या उजळ बाजूवरून, आणि झाडी-डोंगरांच्या काळोख्या आकृतींपासून दूर जातात. किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या दिव्यांकडे वळलेली पिल्लं जगभर नोंदली गेली आहेत. तुमचा टॉर्च, फ्लॅश, स्क्रीनचा उजेड हे सगळे त्या काळापुरते खोटे समुद्रच. शिवाय फोटोलाही फायदा नाही, ओली वाळू फ्लॅशमध्ये पांढरी फटक येते.

‘फ्लॅश बंदच आहे’ असं म्हणणाऱ्यांचे कॅमेरेही उजेड टाकत असतात. फोकसला मदत करणारा छोटा दिवा सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. फोन आपोआप फ्लॅश लावतो, तो ‘ऑटो’वर न ठेवता पूर्ण बंद करा. मागच्या स्क्रीनची चमक सगळ्यात खाली आणा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा. लाल टॉर्च कासवांना कमी जाणवतो हे खरं, पण कमी जाणवणं म्हणजे न जाणवणं नव्हे. तो पायापुरता वापरा, कासवावर रोखू नका.

रात्री मादी दिसली तर

मुद्दाम मादी शोधत रात्री किनाऱ्यावर भटकू नका. ते काम गस्त घालणाऱ्या कासवमित्रांचं आहे आणि त्यांच्यासोबत जायची मुभा मिळाली तरच जा. तरीही अचानक गाठ पडलीच, तर ती त्या क्षणी काय करते आहे यावर तुम्ही काय करायचं ते ठरतं. पाण्यातून वर येताना आणि जागा शोधताना ती सर्वांत बिचकी असते. हालचाल किंवा उजेड दिसला की परत फिरते, आणि फेरी वाया जाते. तेव्हा जिथे आहात तिथे खाली बसा, दिवे बंद, बोलणं बंद, कॅमेरा पिशवीत. खड्डा खोदून अंडी घालायला लागली की तिचं बाहेरच्या गोष्टींकडे लक्ष बरंच कमी होतं. कासवमित्र सोबत असतील आणि त्यांनी हो म्हटलं, तर याच वेळी मागच्या बाजूनं, तिच्या नजरेबाहेर राहून फोटो घेता येतो.

‘फ्लॅशशिवाय रात्री फोटो येणार कसा?’ याचं उत्तर याच क्षणात आहे. अंडी घालणारी मादी जवळजवळ स्थिर असते. तिपाईवर कॅमेरा, मोठ्या छिद्राची लेन्स, आयएसओ ६४०० च्या पुढे आणि सेकंद-अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवलं तर चांदण्यात तिची पाठ आणि मागची लाट दोन्ही मिळतात. अमावस्या असेल तर मिळणार नाहीत, आणि मग फोटो नाही, एवढंच. परतताना तिचा रस्ता अडवू नका. ती पाण्यात गेली की वाळूतल्या मागाचा फोटो घ्या आणि जागा लगेच कासवमित्रांना कळवा, पहाटेच्या आत कुत्री तिथे पोचू शकतात.

अशा फोटोंत मादीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसतं आणि खाली ‘आईचे अश्रू’ अशी ओळ येते. ते शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं आहे. समुद्रातही ते चालूच असतं. वेगळी ओळ शोधा.

कायदा काय म्हणतो?

ऑलिव्ह रिडलेसह आपल्या किनाऱ्यांवर येणारी समुद्री कासवं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणं नव्हे. पकडणं, अडकवणं, हाकणं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही त्या व्याख्येत येतं. म्हणजे फोटोसाठी उचललेलं पिल्लू किंवा उकरलेलं घरटं हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. पिल्लू तळहातावर घेऊन काढलेली आणि समाजमाध्यमावर टाकलेली सेल्फी म्हणजे आपणच तयार करून दिलेला पुरावा.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. अभयारण्याबाहेरच्या खुल्या किनाऱ्यावर स्वतःसाठी, लांबून फोटो काढायला एरवी वेगळा परवाना लागत नाही. उबवणी केंद्राच्या कुंपणात मात्र वनखातं आणि गाव ठरवेल तसं. ओडिशातल्या गहिरमाथासारख्या अभयारण्यात प्रवेश आणि छायाचित्रण दोन्ही परवान्यावर. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर कुठेही आधी वनखात्याला लेखी विचारा. सहलवाल्यानं ‘शंभर रुपयांत हातात घेऊन फोटो’ असं काही सुचवलं तर नकार देण्याचा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि तुम्ही काढलेल्या फोटोचे पहिले मालक सर्वसाधारणपणे तुम्हीच असता. कुणी न विचारता छापला तर श्रेय आणि मोबदला मागायला संकोचू नका.

‘कासवमित्र उचलतात, मग आम्ही का नाही?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि वरवर तो रास्तही वाटतो. पण कासवमित्र पिल्लू उचलतात ते मोजण्यासाठी, टोपलीतून वाळूवर ठेवण्यासाठी, वनखात्याच्या देखरेखीखाली आणि एकदाच. समजा चाळीस पिल्लं आहेत आणि दोनशे पर्यटक. प्रत्येकाला दहाच सेकंद दिले तरी प्रत्येक पिल्लू पाच हातांतून जाईल, काही हात सनस्क्रीन लावलेले, काही थरथरते. एखादं पडेल. बाकीची उशिरा, ऊन चढल्यावर निघतील आणि वर घारी-कावळे असतील.

यावर आणखी वजनदार आक्षेप असा, की फोटोंमुळेच लोकांना कासवांविषयी ममत्व वाटू लागलं, मग फोटोंवर बंधनं कशाला? फोटोंचा वाटा मान्यच करायला हवा. वेळासची ख्याती फोटोंनी पसरली, पर्यटक आले, घरगुती मुक्कामाचा व्यवसाय उभा राहिला आणि कासव जिवंत ठेवण्यात गावाचा फायदा झाला. पण हे घडलं ते दोरीमागून काढलेल्या फोटोंनी. तळहातावरच्या पिल्लाचा फोटो पाहणाऱ्याच्या मनात पहिली इच्छा ‘मलाही असं घ्यायचंय’ हीच येते. फोटो जे दाखवतो ते तो शिकवतोही.

समुद्राखाली आणि तळ्याकाठी

लक्षद्वीपच्या खाजणात किंवा अंदमानात पाण्याखाली हिरव्या कासवांचे फोटो घेणार असाल, तर एक गोष्ट विसरू नका: कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. वरून झेप घेत खाली गेलात तर तुम्ही त्याची हवेची वाट अडवता. बाजूनं, समांतर, त्याच्याहून हळू पोहा. चरणारं कासव तुम्हाला सरावलं तर स्वतःच जवळ येतं. हिरव्या आणि चोचीच्या कासवांच्या गालांवरची खवल्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि अभ्यासक तिच्यावरून ते कासव ओळखतात; दोन्ही गालांचे स्वच्छ फोटो मिळाले तर तुमचा छंद त्यांच्या कामी येईल. मादीच्या हाताला धातूचा बिल्ला दिसला तर त्यावरचा आकडाही टिपा. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली, ती अशाच आकड्यावरून.

गोड्या पाण्यातली कासवं काठावरच्या दगडावर किंवा ओंडक्यावर ऊन खातात ती मौजेसाठी नव्हे. शरीर तापवल्याशिवाय त्यांचं पचनसुद्धा नीट चालत नाही. चालत गेलात की ती बुडतात. ती यायच्या आधी, पहाटे, झाडोऱ्यात जाऊन बसा. पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर गाड्या थांबवून ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूला पोचवा. फोटोसाठी पालथं करू नका.

जाळ्यात अडकलेलं किंवा जखमी कासव दिसलं तर क्रम असा: आधी १९२६ वर फोन, मग लांबून एक-दोन फोटो वनखात्याला पाठवण्यापुरते. जखमी कासवाला पाण्यात ढकलू नका, अशक्त असेल तर ते बुडतं. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, वनखातं तिकडे पाठवू शकतं. मच्छीमारांना जाळं कापायला सांगताना हेही सांगा, की संरक्षित प्राणी सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं.

फोटो टाकण्यापूर्वी

फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करा. महोत्सवाची गावं सर्वांना ठाऊक आहेत, तिथे लपवण्यासारखं काही नाही. पण नोंद नसलेलं घरटं किंवा नदीतल्या मऊ पाठीच्या कासवांची वस्ती नेमक्या जागेसह जाहीर केली, तर ती माहिती चोरट्यांनाही मिळते. तालुक्यापर्यंत लिहा, त्याच्या आत नको.

आणि एक विनंती. फोटोखाली ‘४०० मिमी लेन्स, दोरीमागून, ८ फुटांवरून’ एवढं आवर्जून लिहा, म्हणजे तो पाहून निघणारा पुढचा माणूस दोरी ओलांडण्याऐवजी लेन्स शोधेल.